जंतू पेशीत शिरतात कसे ?

डाळिंबाच्या फळावर तेलकट डाग उमटले, पपईचा शेंडा आक्रसून पाने दोरीसारखी बारीक झाली, अथवा गोठ्यातील बैलाच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या, म्हणजे शेतकऱ्याची पहिली धाव औषधाकडे असते. पुष्कळदा औषध चांगले असते, मात्राही बरोबर असते, आणि तरीही रोग हटत नाही. पदरचा पैसा जातो, हंगाम हातचा निघून जातो, आणि अखेर औषधालाच बोल लावला जातो. वस्तुतः अशा पुष्कळ प्रसंगी चूक वेळेची झालेली असते. जंतू पेशीत शिरला तो दिवस केव्हाच मागे पडलेला असतो. डाग दिसतो तो त्यानंतर कित्येक दिवसांनी.

प्रत्येक रोगजंतूची आत शिरण्याची वाट ठरलेली असते. कोणी जखमेतून शिरतो, कोणी किडीच्या सोंडेतून, कोणी पानाच्या श्वसनाच्या छिद्रातून, तर कोणी पेशीलाच फसवून तिच्याकडून दार उघडवून घेतो. ही वाट समजली म्हणजे ती कोठे व केव्हा अडवावयाची हेही समजते.

पेशी आणि तिची भिंत

घर जसे विटांचे, तसे झाड वा जनावर पेशींचे बनलेले असते. पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. या पडद्यातून काय आत घ्यावयाचे व काय बाहेर ठेवावयाचे, हे पेशी ठरविते. प्राण्यांच्या पेशीला एवढाच पडदा असतो. वनस्पतीच्या पेशीला मात्र पडद्याबाहेर आणखी एक घट्ट भिंत असते. कापसाचा तंतू ज्या द्रव्याचा बनलेला असतो, त्याच सेल्युलोज नावाच्या द्रव्याची ही भिंत असते. शिवाय पानाच्या पृष्ठभागावर मेणचट थर असतो. पावसाचा थेंब अळूच्या पानावरून घरंगळतो तो अशाच मेणामुळे.

बुरशीचे धागे कित्येकदा ही भिंत विरघळवून किंवा जोराने भेदून आत घुसतात. विषाणू व जिवाणू यांना ते सामर्थ्य नाही. धडधाकट पानावर लक्षावधी जंतू पडले, तरी वाट मिळाल्याशिवाय त्यांना रोग उत्पन्न करता येत नाही. शेतकऱ्याच्या हाती असलेले सर्वांत मोठे साधन ते हेच.

विषाणू म्हणजे काय ?

विषाणूला तोंड नाही, पाय नाहीत, श्वसन नाही. प्रथिनाचे एक कवच आणि त्याच्या आत आपल्यासारखे आणखी विषाणू कसे बनवावयाचे याचा रासायनिक आदेश, एवढाच त्याचा प्रपंच. काही विषाणूंना वर आणखी एक आवरण असते, इतकेच. पेशीबाहेर तो धुळीच्या कणासारखा निपचित पडून असतो. पेशीत शिरल्यावर त्याचे कवच सुटते, आदेश मोकळा होतो, आणि पेशी आपले स्वतःचे काम सोडून विषाणूच घडवू लागते.

या जंतूचा शोध तंबाखूच्या पिकावरून लागला. तंबाखूच्या पानावर हिरवे-पिवळे चट्टे पाडणाऱ्या मोझॅक रोगाचा रस निरोगी झाडात टोचला असता ते झाड रोगी होते, असे अडॉल्फ मायर यांनी १८८६ साली दाखविले. १८९२ साली रशियातील इव्हानोव्हस्की यांनी हा रस, जिवाणू अडकून पडतील अशा बारीक गाळणीतून गाळून पाहिला. तरीही तो रोग लावीतच राहिला. हॉलंडमधील बायरिंक यांनी १८९८ साली, हा जिवाणूहून निराळाच रोगकारक आहे, असे प्रतिपादन केले. १९३५ साली अमेरिकेत स्टॅन्ले यांनी या विषाणूचे स्फटिक तयार केले. तंबाखू मोझॅकचा विषाणू काडीसारखा लांबट असून असे सुमारे तीन हजार कण एकापुढे एक ठेवले, तर कोठे एक मिलिमीटर लांबी भरेल.

जखमेचे दार

तंबाखू मोझॅकचा व त्याचाच भाऊबंद असलेला टोमॅटो मोझॅकचा विषाणू स्पर्शाने पसरतो. रोप उपटताना, फांदी बांधताना किंवा बगलफूट काढताना पानावरील बारीक लव मोडते. डोळ्यांना न दिसणाऱ्या या जखमेने पेशीची भिंत व पडदा क्षणभर उघडे पडतात, आणि हाताला लागलेला विषाणू सरळ आत उतरतो.

हा विषाणू फार चिवट असतो. वाळविलेल्या तंबाखूतही तो टिकून राहू शकतो. त्यामुळे तंबाखू मळून त्याच हातांनी टोमॅटोची वा मिरचीची रोपे लावणारा मजूर, नकळत रोगाची लागण करून जाण्याचा संभव असतो. रोपवाटिकेत व पुनर्लागणीच्या वेळी तंबाखू वर्ज्य करावी. काम सुरू करण्यापूर्वी हात साबणाने स्वच्छ धुवावेत. साय काढलेल्या दुधात मधूनमधून हात बुडवून काम केल्यास या विषाणूचा स्पर्शाने होणारा प्रसार कमी होतो, असे प्रयोगांती दिसून आले आहे. रोगट रोपे आधी न हाताळता अगदी शेवटी काढून नष्ट करावीत.

किडीची सोंड

बहुतेक वनस्पती-विषाणू मात्र स्पर्शाने पसरत नाहीत. त्यांना भिंत भेदून देणारा वाहक लागतो. मावा, पांढरी माशी, तुडतुडे व फुलकिडे हे ते वाहक होत. यांपैकी पहिल्या दोहोंच्या वागण्यात मोठा फरक आहे, आणि तो न समजल्यामुळे फवारणीचा पुष्कळ खर्च वाया जातो.

पपईवरील रिंगस्पॉट विषाणूचे उदाहरण घ्यावे. पपईवरील मोझॅक रोगाचे वर्णन त्या वेळच्या मुंबई प्रांतातून १९४८ साली प्रसिद्ध झाले होते. या रोगाचा विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकाशी चिकटून जातो. मावा पपईवर घर करून राहतोच असे नाही. उडत आलेला मावा पानावर बसतो, हे आपले खाद्य आहे की नाही हे पाहण्यासाठी सोंड खुपसून चव घेतो आणि पुढे जातो. या चव घेण्यास काही सेकंद ते एखादे मिनिट लागते. तेवढ्यात रोगी झाडाचा विषाणू सोंडेला लागतो, आणि दुसऱ्या झाडावर तेवढ्याच वेळात तो पेशीत सोडला जातो. कीटकनाशक कितीही जालीम असले, तरी मावा मरण्यापूर्वी आपले काम करून बसलेला असतो. म्हणून केवळ कीटकनाशकाच्या भरवशावर पपईचा हा रोग आवरत नाही.

येथे युक्ती निराळी हवी. माव्याच्या सोंडेवरील विषाणू दोन-चार झाडांची चव घेईपर्यंतच टिकतो. बागेभोवती मक्याच्या किंवा ज्वारीच्या दाट ओळी असल्या, तर बाहेरून येणारा मावा प्रथम त्यांवर उतरतो, तेथे सोंड खुपसतो आणि विषाणू तेथेच गमावतो. मका-ज्वारीला पपईच्या या विषाणूची बाधा होत नाही. या ओळी पपईच्या लागणीपूर्वीच उंच झालेल्या असाव्यात. रोपे बारीक जाळीच्या आत तयार करावीत. पपईच्या बागेत अथवा शेजारी भोपळा, काकडी, कलिंगड ही वेलवर्गीय पिके घेऊ नयेत. कारण तीही याच विषाणूच्या आहारी जातात.

पांढऱ्या माशीची रीत वेगळी. भेंडीवरील शिरा पिवळ्या पडण्याचा रोग, म्हणजेच केवडा किंवा हळद्या, याची नोंद मुंबई इलाख्यात १९२४ सालीच झालेली आहे. २०२३ च्या खरिपात विदर्भात सोयाबीनचे मोठे नुकसान करणारा पिवळा मोझॅकही पांढऱ्या माशीमार्फतच पसरतो. येथे विषाणू सोंडेवर राहत नाही. तो रसाबरोबर माशीच्या पोटात जातो, आतड्याची भिंत ओलांडतो, तिच्या शरीरातील द्रवातून लाळेच्या ग्रंथींत पोहोचतो, आणि मगच पुढील झाडात उतरतो. या प्रवासास काही तास लागतात. पण एकदा तो पुरा झाला, की ती माशी पुष्कळ दिवस, बहुधा जन्मभर, रोग पसरवीत राहते.

या काही तासांत माशीला आवरण्यास वाव असतो. पिवळे चिकट सापळे लावून माशी लवकर हेरणे, रोपे जाळीत वाढविणे, बांधावरील यजमान तणे काढणे आणि माशीची संख्या वाढण्यापूर्वी शिफारशीप्रमाणे कीटकनाशक वापरणे, हे उपाय येथे उपयोगी पडतात. एकच औषध पुनःपुन्हा वापरू नये. माशी त्यास लवकर सरावते.

आत शिरल्यावर

एका पेशीत उतरलेला विषाणू शेजारच्या पेशीत जातो कसा ? वनस्पतींच्या पेशींमध्ये भिंतीतून आरपार जाणाऱ्या अतिसूक्ष्म वाटा असतात. त्यांमधून पाणी, साखर व रासायनिक निरोप इकडून तिकडे जातात. विषाणूस ही वाट अपुरी पडते. म्हणून तो पेशीकडून एक खास प्रथिन तयार करवून घेतो, आणि हे प्रथिन ती वाट रुंद करते. असे करीत करीत विषाणू पानाच्या शिरेपर्यंत पोहोचतो. तेथून अन्नरसाच्या प्रवाहाबरोबर तो मुळांकडे व कोवळ्या शेंड्याकडे वाहून नेला जातो. विषाणूजन्य रोगाची खूण बहुधा शेंड्याच्या नव्या पानांवर प्रथम दिसते, ती यामुळेच.

लक्षण दिसते त्या वेळी विषाणू बहुधा झाडभर पसरलेला असतो, आणि त्याचा कारभार पेशीच्याच यंत्रणेवर चालतो. पेशीला धक्का न लावता आतील विषाणू मारील असे फवारणीचे औषध पिकांसाठी उपलब्ध नाही. बुरशीनाशकाचा त्यावर काहीही परिणाम होत नाही. असे झाड बरे होण्याची वाट पाहणे म्हणजे शेजारच्या झाडांसाठी रोगाचे कोठार राखणे होय. ते वेळीच उपटून नष्ट करावे.

जिवाणूंची वाट

जिवाणू हा विषाणूपेक्षा मोठा असून स्वतंत्रपणे जगणारा सजीव आहे. अन्न व ओल मिळाली, की एकाचे दोन, दोनाचे चार अशी त्याची वाढ होते. त्यालाही भिंत फोडून शिरता येत नाही. पण झाडाच्या अंगावर मुळातच असलेली छिद्रे त्यास पुरतात.

पानावर हवेची ये-जा करणारी असंख्य पर्णरंध्रे असतात. त्यांचे तोंड जिवाणूच्या मानाने मोठा दरवाजाच होय. कोरड्या पानावरील जिवाणू या दरवाजापर्यंत जाऊ शकत नाही. पाऊस, धुके किंवा तुषार सिंचन यांमुळे पानावर पाण्याचा पातळ थर राहिला, की त्यात पोहत तो रंध्रात शिरतो. झाडही अगदी असहाय नसते. जिवाणूची चाहूल लागताच पर्णरंध्रे मिटतात, असे अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तथापि काही जिवाणू एक विशिष्ट द्रव्य सोडून, मिटलेले रंध्र काही तासांत पुन्हा उघडवितात, असेही त्याच संशोधनात आढळले.

रंध्रातून आत गेल्यावर बहुतेक जिवाणू पेशींमधील मोकळ्या जागेत तळ देतात. तेथून ते सुईसारख्या पोकळ नळीने आपली प्रथिने पेशीत टोचतात. जिवाणू स्वतः बाहेर आणि त्याचे हस्तक आत, असा हा प्रकार आहे. ही प्रथिने पेशीची संरक्षणव्यवस्था लुळी पाडतात. भातावरील कडा करपा रोगाचा जिवाणू तर याच्याही पुढे जातो. त्याची काही प्रथिने पेशीच्या केंद्रकात शिरून, साखर बाहेर सोडणारी दारे उघडण्याचा हुकूम सोडतात. पेशीतील साखर बाहेर झिरपते आणि जिवाणूला आयते अन्न मिळते.

हा रोग महाराष्ट्रात १९५१ साली आढळल्याची नोंद आहे. १९६३ साली बिहारमध्ये त्याची मोठी साथ आली. पहाटे भाताच्या पानांच्या टोकांशी व कडांशी पाण्याचे थेंब दिसतात. ते सर्वच दवाचे नसतात. पानाच्या कडेच्या जलरंध्रांतून झाडाने बाहेर टाकलेले पाणीही त्यांत असते. ऊन्ह वाढल्यावर त्यातील काही पाणी पुन्हा आत ओढले जाते, आणि त्याबरोबर थेंबातील जिवाणूही आत जातात. रोग पानाच्या कडेने सुरू होतो, तो या कारणाने. लावणीच्या वेळी रोपांचे शेंडे कापण्याची पद्धत या रोगाच्या भागात बंद करावी. कारण प्रत्येक कापलेला शेंडा हे जिवाणूसाठी उघडे ठेवलेले दार असते. नत्र खताचा अतिरेक टाळावा. रोगी बांधीतील पाणी निरोगी बांधीत सोडू नये.

रोगाच्या भागात प्रतिकारक वाण घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय. हैदराबाद येथील भात व पेशीजीवशास्त्र संशोधन संस्थांनी मिळून सांबा महसुरी या लोकप्रिय वाणात तीन प्रतिकारक जनुके आणली. हा सुधारित वाण २००८ साली प्रसारित झाला. त्यांपैकी एका जनुकात साखरेच्या दाराचे कुलूपच बदललेले असते, त्यामुळे जिवाणूची किल्ली त्यास लागत नाही. भेंडीच्या बाबतीत परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानटी जातीशी संकर करून काढलेला 'परभणी क्रांती' हा वाण केवडा रोगाविरुद्ध असाच उपयोगी पडला. तथापि जंतूही बदलत असतात. म्हणून वाणाची निवड दरवर्षी चालू शिफारस पाहूनच करावी.

डाळिंबावरील तेल्या रोगाचा जिवाणू कडा करप्याच्या जिवाणूचाच नातलग होय. भारतात तो प्रथम १९५२ साली दिल्ली येथे नोंदला गेला. या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने महाराष्ट्रातील कित्येक बागा उजाड केल्या. सोलापूर येथे २००५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राने या रोगावर विशेष काम केले आहे. तो पर्णरंध्रांतून तसाच छाटणीच्या, काट्यांच्या व किडींच्या जखमांतून शिरतो. पावसाचे उडणारे शिंतोडे त्यास झाडाझाडावर नेतात, आणि रोगट मातृवृक्षावरील गुटी त्यास गावोगाव नेते.

म्हणून रोगग्रस्त भागात फळे पावसात वाढणारा मृग बहार टाळून हस्त बहार धरावा. कलमे निरोगी बागेतूनच घ्यावीत. छाटणी कोरड्या हवेत करावी, आणि प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवून घ्यावी. छाटलेल्या फांद्या व गळलेली पाने बागेत राहू न देता जाळून टाकावीत. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे एक किलो मोरचूद व एक किलो कळीचा चुना शंभर लिटर पाण्यात, असे फवारावे. बोर्डो मिश्रणातील तांबे पानाच्या व फांदीच्या पृष्ठभागावर राहून तेथील जिवाणू मारते. पेशींच्या मधल्या जागेत दडलेल्यांपर्यंत ते पोहोचत नाही. पावसापूर्वीची एक फवारणी पावसानंतरच्या अनेक फवारण्यांहून मोलाची, ती याचमुळे.

जनावरांच्या पेशीचे दार

जनावरांच्या पेशीला भिंत नसते. येथे विषाणू वेगळी युक्ती योजतो. पेशीच्या पडद्यावर निरनिराळे पदार्थ ओळखून घेणारी प्रथिने असतात. लाळ्या-खुरकूत रोगाच्या विषाणूचे कवच यांपैकी एका प्रथिनात किल्लीसारखे बसते. घशातील, जिभेवरील व खुरांच्या बेचक्यातील पेशींवर हे प्रथिन असल्यामुळे फोड तेथेच येतात. किल्ली बसताच पेशी आपला पडदा आत वळवून विषाणूस एका पिशवीत गुंडाळून घेते. या पिशवीत आम्लता वाढते. त्या आम्लतेने विषाणूचे कवच फुटते आणि आतील आदेश पेशीत उतरतो. हा रोग गाळणीतून जाणाऱ्या जंतूमुळे होतो, हे जर्मनीत लोफ्लर व फ्रॉश यांनी १८९८ साली दाखविले. प्राण्यांचा हाच पहिला ज्ञात विषाणू होय.

यातून दोन उपाय निघतात. पहिला, आम्लाने किंवा तीव्र क्षाराने हे कवच पेशीबाहेरही मोडते. आणि कवच मोडलेला विषाणू निरुपद्रवी होतो. म्हणून गोठ्याच्या तोंडाशी धुण्याच्या सोड्याचे चार टक्के द्रावण ठेवून त्यात पाय बुडवूनच आत जावे. गव्हाणी व भांडी त्यानेच धुवावीत. दुसरा उपाय लसीचा. लसीमुळे जनावराच्या रक्तात अशी द्रव्ये तयार होतात, की ती विषाणूच्या किल्लीवर बसून ती निकामी करतात. ही द्रव्ये काही महिन्यांनी कमी होतात, म्हणून लस दर सहा महिन्यांनी टोचावी लागते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाखाली ती मोफत टोचली जाते. साथ गावात आल्यावर लसीसाठी धावण्यात अर्थ नाही. संरक्षण तयार होण्यास काही दिवस लागतात. आजारी जनावराच्या व्रणांची निगा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने राखावी, व त्यास इतरांपासून वेगळे बांधावे.

शिवारात काय पाहावे ?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने रोगट पीक पाहिल्यावर औषधाचे नाव सांगण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) रोग विषाणूचा की जिवाणूचा ? शेंड्याची पाने आक्रसलेली, चट्टेरी किंवा शिरा पिवळ्या असतील, तर विषाणूचा संशय घ्यावा. पाणथळ, तेलकट डाग हे बहुधा जिवाणूचे लक्षण.

(२) भाताचे करपलेले पान किंवा टोमॅटोचे मर लागलेले खोड कापून त्याचे ताजे टोक स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात धरावे. काही मिनिटांत दुधी धार खाली उतरू लागली, तर रोग जिवाणूचा आहे असे समजावे.

(३) पानांच्या खालच्या बाजूस पांढरी माशी वा मावा आहे काय ? बागेभोवती मका-ज्वारीची ओळ आहे काय ?

(४) रोपे अथवा कलमे कोठून आणली ? छाटणी केव्हा व कोणत्या हवेत झाली ?

(५) गोठ्यातील जनावरांना मागील लस कोणत्या महिन्यात टोचली ?

या प्रश्नांच्या उत्तरांतून जंतू कोणत्या वाटेने आला ते कळेल. यंदाचे रोगी झाड कदाचित वाचणार नाही. परंतु त्याच्या शेजारचे वाचेल. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या बागेची व गोठ्याची एक वही ठेवून त्यात लागण, छाटणी, फवारणी, पाऊस व लस यांच्या तारखा लिहाव्यात. पुढील हंगामात कोणते दार कोणत्या आठवड्यात बंद करावयाचे, याचे उत्तर त्या वहीतच सापडेल.